देवळाची तिसरी कैची

आम्ही ख्रिस्ती लोक घरात बोलताना आमच्या चर्चला देऊळच म्हणतो. आमचं देऊळ नेवासे तालुक्यात, कालव्यापासून थोडं आत, काळ्या दगडाचं. मिशनच्या साहेबांनी ते बांधलं त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. भिंती दोन हात जाड, वर मंगलोरी कौलं आणि कौलांचं सगळं ओझं सहा सागवानी कैच्यांवर. कैची म्हणजे छपराखालचा लाकडी त्रिकोण. तिचे दोन पाय दोन बाजूंच्या भिंतींत रुतलेले असतात. भिंत कितीही जाड असली तरी पाय कुजला तर कैची गेली, आणि कैची गेली की वरचं सगळं खाली येतं. सुताराची मुलगी असल्यामुळे हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. निवृत्त झाल्यावर मंडळीनं मला पंच कमिटीची चिटणीस केलं. पत्रव्यवहार, सभेची नोंद, देवळाची मालमत्ता ज्याच्या नावावर आहे त्या ट्रस्टकडून येणाऱ्या कागदांवर सह्या, ही माझी कामं. सह्या मी नीट वाचून करायची. निदान तसा माझा लौकिक होता.

सोलरचा विषय निघाला तो एका मे महिन्यात. गावची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली आणि नवी येईना. डीपी जळणं आम्हाला नवं नाही, पण त्या वेळी तिसरा रविवार आला तरी देवळातले पंखे बंद होते. उपासना चालू असताना आमच्या मंडळीतली सगळ्यांत वयस्कर नर्सबाई बाकावरून खाली कोसळली. अर्ध्या गावाची बाळंतपणं तिनं केली होती. खुबा मोडला. नगरच्या दवाखान्यातून घरी आली ती खाटेवरच, आणि पावसाळा संपायच्या आत गेली. तिला माती देऊन परत येताना आमचे पाळकसाहेब, म्हणजे देवळाचे धर्मगुरू, मला म्हणाले, "बाई, आता डीपीची वाट बघायची नाही."

पाळकसाहेब तरुण होते, आमच्याकडे येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. पंख्यांच्या जोडीला त्यांच्या मनात अभ्यासिका होती. देवळाला लागून जी खोली आहे तिथं गावातली दहावीची मुलं संध्याकाळी अभ्यासाला बसतात, सगळ्या घरांतली. आवारातल्या विहिरीवरची मोटरही वीज असेल तेव्हाच चालायची. सोलर बसलं तर तिन्ही प्रश्न सुटत होते. पाळकसाहेबांनी जुनी पत्रं चाळली, लहानपणी इथं राहिलेल्या माणसांचे पत्ते काढले आणि पन्नासेक जणांना लिहिलं. बहुतेकांनी आशीर्वाद पाठवले. एकानं फोन केला.

हे गृहस्थ पुण्याला असतात, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांची आई आमच्याच गावची. तिचा बाप्तिस्मा, तिचं लग्न याच देवळात झालेलं. ती नव्वदीला आली होती आणि तब्येत झपाट्यानं उतरत होती. ते म्हणाले, सगळा खर्च मी करतो. दगडावर नाव नको, फोटो नको. फक्त हे काम नाताळच्या आत व्हावं. आईला एकदा तिच्या देवळात आणून बसवायचंय. पुढच्या नाताळाचं डॉक्टर काही बोलत नाहीत.

असा देणारा मिळाल्यावर कोण नाही म्हणेल? पण पंचांच्या सभेत एक माणूस नाही म्हणाला. तो माझा चुलतभाऊ. मी त्याला दादा म्हणते. ऊस आणि कांदा करतो, बोलतो कमी, आणि एकदा बोलला की हलत नाही. तो म्हणाला, "जुन्या छपराला हात लावू नगा. पॅनेलं जमिनीवर बसवा."

जमिनीवर बसवायचं तर लोखंडी मांडव उभारावा लागणार होता, त्याचा खर्च वेगळा आणि वेळ वेगळा. शिवाय आवारात कडुनिंबाची मोठी झाडं. सावली नाही असा तुकडा फक्त दफनभूमीच्या कडेला. तिथं कुणीच तयार होईना. सभा तापली. मी दादाच्या विरुद्ध बोलले. खुब्याला हात लावून रडणारी नर्सबाई मी रोज पाहिली होती, तेही मी बोलून दाखवलं. शेवटी दादा एवढंच म्हणाला की इंजिनिअरला आणा, तो लिहून देत असेल तर माझं काही म्हणणं नाही. ट्रस्टलाही तसा दाखला हवाच होता.

आता जे मी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगते.

मी दहा वर्षांची असताना देवळाच्या दक्षिणेकडची कौलं फुटून दोन पावसाळे पाणी भिंतीत मुरलं होतं. वेदीकडून मोजत गेलं तर तिसऱ्या कैचीचा दक्षिणेचा पाय कुजला. दादा तेव्हा नगरला बोर्डिंगात होता. माझ्या वडिलांना दुरुस्तीला बोलावलं. ते म्हणाले, अख्खी कैची उतरवून नवी घातली पाहिजे. मिशनचे साहेब केव्हाच निघून गेले होते, सागाला पैसे नव्हते. मग वडिलांनी कुजलेला भाग कापून टाकला, तिथं बाभळीचा तुकडा जोडला, बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कापून तिच्या पट्ट्या केल्या आणि त्या पट्ट्यांनी जोड आवळला. मी खाली उभी राहून खिळे देत होते. काम झाल्यावर वरून चुन्याचा गिलावा केला, म्हणजे लोकांना दिसून भीती वाटू नये. उतरल्यावर हात पुसत ते म्हणाले होते, "हे कौलं पेलंल. याच्यावर दुसरं काही चढवायचं न्हाई."

सभेत मला हे आठवत नव्हतं असं नाही. आठवत होतं. पण मी स्वतःला सांगत होते, इंजिनिअर येईल, त्याला दिसेलच. त्याला दिसलं तर आपण काय करणार? आणि नाही दिसलं, तर त्याचा अर्थ ते तितकं वाईट नाही.

इंजिनिअर नगरहून आला. भला माणूस होता, पण त्याला त्याच दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. टॉर्च मारून खालून कैच्या बघितल्या, काठीनं ठोकल्या, भिंतींचं माप घेतलं. लाकूड उत्तम आहे म्हणाला, आणि ते खरंच होतं. गिलाव्याखालचं त्याला कसं दिसणार? मग फॉर्म भरताना त्यानं मला विचारलं, "बाई, तुमच्या आठवणीत छपराची कधी मोठी दुरुस्ती झाली का?"

दादा दारात उभा होता. पाळकसाहेब माझ्या शेजारी होते. मी म्हणाले, "कौलं बदलली अधूनमधून. बाकी काही नाही."

त्यानं लिहून घेतलं. माहिती देणाऱ्याची सही म्हणून मी सही केली. माझं अक्षर चांगलं आहे. त्या दिवशीही चांगलंच आलं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मला अन्न गोड लागलं नाही. दोनदा पाळकसाहेबांना सांगायला म्हणून मी त्यांच्या बंगल्यावर गेले. पहिल्यांदा पाहुणे होते. दुसऱ्यांदा ते फोनवर होते. फोन ठेवून हसत बाहेर आले आणि म्हणाले, पुण्याच्या आजींनी नाताळसाठी पांढरं लुगडं काढून ठेवायला सांगितलंय. मी चहा घेतला आणि परत आले.

नोव्हेंबरच्या अखेरीला काम सुरू झालं. फिटर कोपरगावकडचा होता, चाळिशीचा, सडपातळ. सोबत त्याचा मेव्हणा. दोघं छपरावर असे वावरत की जणू अंगणात हिंडतायत. पहिले दोन दिवस त्यांनी दक्षिणेकडची काही कौलं काढून वाशांना लोखंडी आकडे बसवले, त्यावर आडव्या पट्ट्या जोडल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी फिटर खाली आला, घोटभर पाणी प्याला आणि मला म्हणाला, "बाई, मधल्या अंगाला वासे जरा खाली बसल्यात. बघितलं का कुनी?"

मी म्हणाले, "जुनं आहे. असायचंच. इंजिनिअरनं दाखला दिलाय."

दाखला म्हटल्यावर तो पुन्हा वर चढला. मला दुसरी संधी मिळाली होती, आणि तीही मी घालवली.

तिसऱ्या दिवशी पॅनेलं वर चढायला लागली. एकेक पॅनेल धान्याच्या अर्ध्या पोत्याएवढं जड. शिडी दक्षिणेच्या भिंतीला, झाडाच्या फांद्या नव्हत्या त्या जागी लावली होती. ती जागा नेमकी तिसऱ्या कैचीच्या बाहेरची. दर खेपेला दोन माणसांचं आणि एका पॅनेलाचं वजन त्याच पायावर येत होतं. मी आवारात थांबू शकले नाही. देवळात गेले, बाकं पुसायला घेतली. हात चालू ठेवायचा म्हणून. कान मात्र वर लागलेले. वर पावलं वाजायची, पट्ट्यांवर पॅनेल टेकल्याचा आवाज यायचा, पाना फिरायचा. मी मोजत होते. चार झाली. पाच झाली. सहावं बसलं तेव्हा दुपारचे बारा वाजायला आले होते. आठ बसवायची होती. मनात म्हटलं, आता दोनच.

मग एक आवाज आला. मोठा नव्हता. वाळलेली शेंग तडकावी तेवढाच. मी पुसलेल्या बाकावर पिवळसर भुसा पडला, त्यावर चुन्याची खपली. मी वर पाहिलं. तिसऱ्या कैचीच्या पायाशी, भिंत आणि लाकूड यांच्यामध्ये बोटभर फट पडली होती. तिच्यातून मला वडिलांनी ठोकलेली पट्टी दिसली. ती वाकली होती.

मी तशीच वर बघत उभी राहिले. किती वेळ, सांगता येत नाही. पण त्या वेळात मी पहिला विचार केला तो असा की हे आपोआप थांबेल का. एवढं सगळं झाल्यावरही मी तसा विचार केला. मग आणखी थोडा भुसा पडला आणि मी बाहेर धावले.

फिटर आणि त्याचा मेव्हणा सातवं पॅनेल दोन बाजूंनी धरून शिडीच्या तोंडाशी, छपराच्या कडेला बसले होते. दोघांच्या कमरेला दोर होते. पण दोर बांधलेले होते त्याच पट्ट्यांना, त्याच वाशांना. छप्पर खाली आलं असतं तर दोरांनी त्यांना सोबत खाली नेलं असतं. पाळकसाहेब शिडी धरून होते. दादाही आला होता. तीन दिवस तो रोज येऊन लांब उभा राहायचा.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर ते दचकले असते. शाळेत मूल झाडावर चढलं की आम्ही जसं बोलायचो तसं मी बोलले. "हलू नका. जिथं आहात तिथंच थांबा. तुमच्या खालची कैची सुटलीय."

फिटरनं माझ्याकडं पाहिलं. मेव्हणा शिडीकडं पाय टाकायला निघाला होता. मी म्हणाले, "शिडीकडं नाही. तो पाय गेलाय. पॅनेल पट्टीला बांधा आणि सोडा. कमरेचे दोरही सोडा. एकामागं एक दाराच्या बाजूला सरका. पुढची कैची पक्की आहे. तिच्यावरून आढ्याकडं चढा आणि पलीकडच्या उतारावर जा."

"बाई," फिटर वरून म्हणाला, आवाज अगदी हळू, "तुमाला कसं म्हाईत कुठली पक्की हाय?"

पाळकसाहेब माझ्याकडं बघत होते. दादा बघत होता.

"माझ्या वडिलांनी जोडली होती ती. एवढी एकच जोडलेली आहे. मला माहीत होतं."

फिटरनं एका हातानं पॅनेलाला दोर गुंडाळला, दातांनी गाठ ओढली. आधी मेव्हण्याला जाऊ दिलं. तो पोटावर झोपून सरकत गेला, वजन पसरावं म्हणून. दोनदा कौल निसटून खाली आलं आणि फुटलं. प्रत्येक वेळी तो थांबला आणि पुन्हा सरकला. मग फिटर. तो अर्ध्या वाटेवर असताना आतून पुन्हा तडकल्याचा आवाज आला, आणि छपराचा तो भाग माझ्या डोळ्यांदेखत वीतभर खाली बसला. सहाच्या सहा पॅनेलांच्या काचेत दिसणारं आभाळ एकदम हललं. फिटर कौलांना कवटाळून पडून राहिला. मी मोठ्यानं प्रार्थना करत होते असं पाळकसाहेबांनी नंतर सांगितलं. मला ते आठवत नाही.

छप्पर तिथंच अडकलं. फिटर बोटबोट सरकत आढ्यापर्यंत पोचला. दादानं आणि पाळकसाहेबांनी शिडी उचलून उत्तरेच्या भिंतीला लावली. दोघं उतरले. मेव्हणा जमिनीवर बसला आणि तिथंच ओकला.

फिटर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं हात उगारेल. उगारला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मला दोन पोरी हायत, बाई. काल मी तुमाला इचारलं हुतं."

"हो," मी म्हणाले. "विचारलं होतं."

तो बाजूला जाऊन पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिला.

संकट सरलं नव्हतं. सहा पॅनेलं अजून वर होती, सातवं दोरावर लोंबत होतं. कैची पूर्ण खाली आली असती तर भिंतीचा वरचा थर घेऊन आली असती, आणि त्या भिंतीला अभ्यासिका लागून होती. कुणीतरी आत जाऊन कैचीला टेकू द्यायला हवा होता. दादा निघून गेला आणि अर्ध्या तासात ट्रॅक्टर घेऊन परत आला. ट्रॉलीत टेकूला लावायच्या लाकडी बल्ल्या होत्या, शेजाऱ्याच्या बांधकामावरून आणलेल्या, आणि ट्रॉली उचलायचे दोन जॅक. तोवर गाव जमलं होतं. पाळकसाहेबांनी सगळ्यांना फाटकाबाहेर थांबवलं.

बल्ली नेमकी कुठं लावायची हा प्रश्न होता. जोडाच्या खाली लावली तर जोड उलटा फुटणार. जोडाच्या आत, अस्सल सागाखाली लावायला हवी होती. जोड कुठं संपतो हे गिलाव्यावरून कळत नव्हतं. ते फक्त मला ठाऊक होतं. दादा म्हणाला, बाहेरून सांग. मी म्हणाले, बाहेरून नाही सांगता येणार. आणि मी आत गेले. तो माझ्यामागून आला. फिटरही आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

देवळात भुशाचा वास भरला होता. मी लांब बांबू घेऊन कैचीखाली उभी राहिले आणि बांबूचं टोक जिथं वडिलांची शेवटची पट्टी होती त्याच्या आत, हातभर अंतरावर लावलं. दादानं आणि फिटरनं तिथं बल्ली उभी केली, खाली जॅक, त्याखाली फळी. फिटर जॅक फिरवायचा, आम्ही वर बघायचो. लाकूड कण्हत होतं. दादानं डाव्या हातानं माझा दंड धरला होता, गरज पडली तर ओढायला. तसाच धरून तो म्हणाला, "तुला म्हाईत हुतं."

"होतं."

"मला सांगितलं असतं तर मी काम बंद केलं असतं. म्हनून न्हाई सांगितलं."

"हो, दादा."

त्यानं हात सोडला नाही. दुसरी बल्ली लागली, तिसरी लागली. कैची थांबली. मग फिटरनं आणि दादानं उत्तरेच्या शिडीनं चढून, आढ्यावर बसून, एकेक पॅनेल सोडवलं आणि दोरानं खाली दिलं. संध्याकाळपर्यंत सातही उतरली. देवळाला कुलूप लागलं.

पुण्याला फोन मी स्वतः केला. पाळकसाहेब म्हणत होते, मी करतो. मी त्यांना नको म्हटलं. मी सगळं सांगितलं, माझ्या सहीसकट. त्या गृहस्थांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, माणसं धड आहेत ना? मी हो म्हटलं. ते म्हणाले, "ताई, आईसाठी म्हणून मीच घाई लावली. पण तुम्ही सांगितलं असतं तर मी थांबलो असतो." हे ऐकणं मला फिटरच्या बोलण्याहून जड गेलं.

रविवारी उपासना आवारात, झाडाखाली झाली. मी पुढं उभी राहून झालेलं सांगितलं. कारणं सांगायची नाहीत असं ठरवलं होतं, तरी नर्सबाईचं नाव तोंडात आलंच, आणि मी ते अर्ध्यात गिळलं. चिटणीसपद सोडलं. लोक वाईट वागले नाहीत. काही बायका महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. एका म्हाताऱ्यानं माझ्या वडिलांना बोल लावला, की त्यानंच असं काम का केलं. तेव्हा मात्र मी पुन्हा उठले आणि म्हणाले, त्यांनी जे सांगायचं ते सांगून ठेवलं होतं. जिला सांगितलं ती मी.

नाताळला पुण्याच्या आजी आल्या. पांढरं लुगडं नेसून, चाकाच्या खुर्चीत. आवारात मांडव घातला होता. त्यांना आत नेता आलं नाही. त्यांनी कुलूप लावलेल्या दारापर्यंत खुर्ची न्यायला लावली, दाराच्या लाकडावरून हात फिरवला आणि परत मांडवात आल्या. फेब्रुवारीत त्या गेल्या. सोलरच्या उजेडातलं देऊळ त्यांनी पाहिलं नाही. माझ्या त्या एका खोट्या वाक्यामुळे उशीर झाला की तो तसाही होणारच होता, याचा हिशेब मी पुष्कळ वेळा केला आणि तो लागत नाही. मी पहिल्याच दिवशी खरं बोलले असते तर कदाचित जमिनीवरचा मांडव नाताळच्या आत उभा राहिला असता. हे मला नाकारता येत नाही.

पुण्याच्या साहेबांनी पॅनेलांचे पैसे परत मागितले नाहीत. छपरासाठी मात्र मंडळीला स्वतः उभं राहावं लागलं, आणि त्यात पुढाकार घेतला तो दादानं. सुगीच्या सणाला आमच्याकडे लोक शेतातलं पीक देवळात आणून अर्पण करतात आणि मग त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी आसपासच्या गावांतूनही माणसं आली. दादानं कांद्याच्या गोण्या आणल्या होत्या. एक कोंबडी पाच वेळा विकली गेली. ज्यानं घेतली तो पुन्हा अर्पण करायचा. उरलेलं हळूहळू जमलं. संगमनेरकडच्या एका म्हाताऱ्या सुतारानं कैची उतरवून नवी घातली. त्यानं तीन दिवस मला शेजारी बसवून घेतलं आणि प्रत्येक भिंतीचं विचारलं. मी पाठ म्हणून दाखवावं तसं सगळं सांगत गेले.

पॅनेलं शेवटी दफनभूमीच्या कडेलाच बसली, उंच लोखंडी मांडवावर. त्या बाजूला पुरलेल्यांच्या घरच्यांना दादा एकेकाला भेटला. कुणी हरकत घेतली नाही. त्या मांडवाखाली आता लोक सावलीला बसतात. मे महिन्यात देवळातले पंखे फिरतात, अभ्यासिकेतले दिवे लागतात, मोटर चालते.

मांडवाच्या कामाला तोच फिटर आला होता. पाळकसाहेबांनी दुसरा बघू म्हटलं, पण त्यानंच येतो म्हणून कळवलं. चार दिवस तो आमच्या आवारात होता. माझ्याशी कामापुरतं बोलला. मी एकदा माफी मागायला गेले तर म्हणाला, झालं ते झालं, बाई, मला हे नट आवळू द्या. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस सकाळी त्याचा फोन आला. नाव न सांगता थेट म्हणाला, "बाई, हितं कोपरगावच्या बाजूला एका जुन्या शाळेवर पॅनेलं टाकायची हायत. कौलांचीच हाय. कागदावर सगळं ठीक दिसतंय. गावात कुनाला इचारायचं?"

मी म्हणाले, आधी त्या गावच्या सुताराचं घर शोध. सुतार नसला तर त्याची बायको असेल, मुलगी असेल. मग विचारलं, काम कधी सुरू करतोयस? तो म्हणाला, परवा. मी म्हणाले, मी उद्या येते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी गेले. सुताराची सून सापडली, सत्तरीची. आम्ही तिला रिक्षात घालून शाळेत आणलं. ती व्हरांड्यात उभी राहिली, वर पाहत राहिली, आणि म्हणाली, पूर्वेच्या कोपऱ्यात एकदा वाळवी लागली होती. फिटरनं खिशातून खडू काढला आणि त्या कोपऱ्याखाली भिंतीवर फुली मारली.